खुर्ची, अकरा वह्या आणि दादाला सांगायचे चित्रपट

मी, श्यामला नृसिंह हेर्लेकर, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, कोल्हापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त, राहणार राजारामपुरी, सातवी गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर वडणगेकरांनी तसा दाखला दिला आहे. ज्याला दाखला पुरत नसेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणण्याइतके धाडस घरात एकाच व्यक्तीत आहे, आणि तिच्याविषयी पुढे येईलच.

येत्या गुरुवारी मिरजेला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. काळजी करू नका, असे तिथले डॉक्टर म्हणाले. पस्तीस वर्षे ट्रंक-बोर्डावर परगावचे फोन जोडत मी लोकांचे 'काळजी करू नका' इतके ऐकले आहे की ते शब्द कानावर पडताच मी कागद-पेन काढते. हे लिखाण मी शनिवारी सुरू केले, रविवारी चालू ठेवले आणि आज सोमवारी, हे पहिले पान मागाहून जोडून, संपवत आहे. मधल्या रविवारी एक गोष्ट घडली. त्यामुळे काही कलमे पुढच्या कलमांनी रद्द होतील. मी ती खोडलेली नाहीत. खाडाखोड असलेला कागद कोर्टात संशयास्पद ठरतो असे वकील म्हणतात. आणि शनिवारी मी जे लिहिले ते शनिवारी माझ्या मनातले होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅडव्होकेट जोतीराम सावर्डेकर यांनी करावी. त्यांनी मला एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात 'सदरहू' हा शब्द अठरा वेळा होता आणि माझा थोरला भाऊ एकदाच, तोही 'सदरहू अंध इसम' असा. मी मसुदा परत केला. सावर्डेकरांनी तो मुकाट्याने घेतला, म्हणून त्यांची नेमणूक कायम ठेवली आहे.

कलम २. राजारामपुरीतले घर माझ्या पगारातून बांधलेले, माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. माझ्या पश्चात ते माझे थोरले बंधू वसंत नृसिंह हेर्लेकर, ज्यांना गाव 'पेंटर' म्हणून ओळखतो आणि मी दादा म्हणते, यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहावे. दादा सत्तर वर्षांचा आहे. काचबिंदूने १९७९ साली त्याची उरलीसुरली दृष्टी गेली. अकराव्या वर्षी तो इथल्या स्टुडिओत रंग कालवायला लागला, पुढे पडद्यामागचे डोंगर, राजवाडे आणि आभाळ रंगवू लागला, आणि स्टुडिओ बसल्यावर थिएटरचे बोर्ड. मला मामांनी बेळगावला कॉन्व्हेंटात घातले. एका घरात एकालाच शिकवायचे असे ठरले तेव्हा दादा म्हणाला होता, "श्यामीला पाठवा. मला रंगाचा वास आवडतो." या एका वाक्यावर माझे सगळे इंग्रजी उभे आहे.

दादानंतर घर माझी धाकटी बहीण सरोजिनी, राहणार पुणे, हिला मिळावे. अट एकच: दादाला या घरातून हलवू नये. सरूने गेल्या मे महिन्यात पत्र लिहिले होते की पुण्यात 'अशा लोकांसाठी' एक छान आश्रम निघाला आहे, बागसुद्धा आहे. सरू, आंधळ्याला बाग? दादाला त्याच्या मर्जीविरुद्ध एक दिवस जरी तिथे नेले, तर घर सरोजिनीस न मिळता राजारामपुरीतल्या एखाद्या वाचनालयास जावे. वाचनालय सावर्डेकरांनी निवडावे, आणि शक्यतो ते निवडावे जिथे बोलायला बंदी आहे.

कलम ३. पोस्टातली बचत व बँकेतली ठेव दादाच्या दवापाण्यासाठी व घरखर्चासाठी. आईच्या पाटल्या सरोजिनीकडेच आहेत, त्यामुळे त्या मी देऊ शकत नाही. माझ्या लक्षात आहे एवढेच नोंदवते.

कलम ४. वीस इंची टीव्ही, लाकडी पेटी व सरकत्या दारांसह, आणि गच्चीवरचा अँटेना, हे दादाचे. संच कृष्णधवल आहे. सरूने रंगीत घेतल्यावर मला लिहिले, "ताई, रंगीत बघशील तेव्हा कळेल आजवर काय पाहिलेच नाहीस." मी उत्तर दिले नाही. ज्या घरात मुख्य प्रेक्षकाला दिसतच नाही तिथे रंगीत संच घेणे हा मला दिखाऊपणा वाटला. अँटेना हलला तर आमच्या एक्स्चेंजचे निवृत्त लाइनमन ज्ञानू कांबळे यांना बोलवावे. हातकणंगल्याहून येतात, चहा घेतात, आणि बसवताना म्हणाले होते तसे म्हणतात, "बाई, वाऱ्याला सांगून ठेवलंय, या घराचं नाव घ्यायचं न्हाय." अजूनपर्यंत वाऱ्याने ऐकले आहे.

कलम ५. माझी वेताची खुर्ची, जी टीव्हीसमोर दादाच्या आरामखुर्चीच्या उजव्या हाताला असते.

ही खुर्ची कोणत्याही परिस्थितीत आक्काताई गणपती चौगुले यांना मिळू नये.

आक्काताई आमच्या मागच्या खोलीत १९८२ पासून भाड्याने राहतात. वय पंचावन्नच्या आसपास. माहेर गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाला लागून. नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, तो वारला. त्या डॉक्टर वडणगेकरांच्या दवाखान्यात आया आहेत. शिक्षण चौथी. आवाज असा की त्यांना टेलिफोनची गरज पडू नये. स्वभावाने प्रामाणिक आहेत, हे मला मान्य करावे लागते आणि म्हणूनच जास्त खटकते.

खुर्चीचे कारण असे. १९८४ च्या दिवाळीनंतर टीव्ही घेतला तो दादासाठी. त्याने आयुष्यभर सिनेमे रंगवले; ऐकायला तरी मिळावेत असे मला वाटले. पण सिनेमा नुसता ऐकून पुरत नाही. संवाद थांबतात, वाजंत्री वाजत राहते आणि दादा मान वळवून विचारतो, "आता काय?" हे 'आता काय' सांगायला मी त्या खुर्चीत बसू लागले. दर रविवारी. कोण आत आले, कोणी कोणाकडे पाहिले, पत्र फाडले की जाळले. मी नीट वाक्यांत, उगाच पाल्हाळ न लावता सांगत असे. सिनेमा संपला की वहीत माझे मत लिहीत असे. एक नमुना देते, म्हणजे मी काय दर्जाचे काम करत होते ते कळेल:

"१० फेब्रुवारी १९८५. हिंदी. नायक तीन तास आईसाठी रडतो, पण तिला एकदाही पाणी विचारत नाही. नायिका गरीब आहे हे तिच्या घरातल्या एकाच मडक्यावरून समजून घ्यायचे. साडीच्या इस्त्रीवरून समजू नये. खलनायकाचे काम मात्र उत्तम. त्याला निदान वेळेचे भान आहे."

दादा हे ऐकून हसायचा. दोन वर्षे तो माझ्या बोलण्याला हसत होता.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मला विषमज्वर झाला आणि पंधरा दिवस मिरजेला राहावे लागले. परत आले तो रविवार होता. रिक्षातून उतरले तर रस्त्यापर्यंत दादाचे हसणे ऐकू येत होते. नुसते हसणे नव्हे. लहानपणी पंचगंगेत पोहताना तो जसे पाणी तोंडात जाईपर्यंत हसायचा, तसे. दारात उभी राहून पाहिले तर माझ्या खुर्चीत, एक पाय वर घेऊन, आक्काताई.

"...आन् ती बया आली बगा पेंटरसाब. वांग्यावानी जांभळं लुगडं, पिवळाधमक काठ. आन् त्यो मुडदा बघतोय कसा, शेळी हाटेलाच्या पाटीकडं बघतीया तसा!"

मी म्हटले, "आक्काताई, संच कृष्णधवल आहे. तुम्हांला जांभळे कुठून दिसले?"

त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. "त्यात दिसायचं काय बाई? असल्या बाईला जांभळंच शोभतंय की."

आणि दादा, माझा सख्खा भाऊ, मी पंधरा दिवसांनी दवाखान्यातून आलेली असताना, मला कशी आहेस हे विचारण्याआधी म्हणाला, "पिवळा काठ म्हणजे हळदीचा की लिंबाचा?"

"हळदीचा," आक्काताई म्हणाल्या. "मुरलेल्या."

शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली पापांची कबुली द्यायला रांग लावत. आम्ही हिंदू मुली बाहेर चिंचा खात बसायचो. त्यामुळे माझी कबुली साठून राहिली आहे, ती इथे देते. मला त्या दिवशी मत्सर वाटला आणि अजून वाटतो. मी दोन वर्षे प्रामाणिकपणे 'गडद राखाडी' आणि 'फिकट राखाडी' सांगत होते. चाळीस वर्षे रंगांत हात घातलेल्या माणसाला मी राखाडी सांगत होते! आणि या बाईने डोळ्यांदेखत थापा मारून त्याला पंधरा दिवसांत हळद, वांगे, चिंचोका, मोराची मान, सगळे परत आणून दिले. हे मला सुचले नाही याचा राग मी तिच्यावर काढते हे मला कळते. कळून काही फरक पडत नाही.

तेव्हापासून त्या दर रविवारी येतात. मी खुर्चीत बसते, त्या खाली. पण दादाचा कान खाली असतो.

तेव्हा खुर्ची सरोजिनीला द्यावी. ती पुण्याला नेणे तिला परवडणार नाही, पण नकोही म्हणता येणार नाही.

कलम ६. इंग्रजी चित्रपट. हे माझे राज्य होते. महिन्यातून एकदा मी व्हीसीआर भाड्याने आणते आणि एक इंग्रजी कॅसेट. दादाला इंग्रजी येत नाही, आक्काताईंना येत नाही, आणि सातव्या गल्लीत ज्यांना येते असे ते म्हणतात त्यांचे मी फोनवर ऐकले आहे. माझ्यानंतर हे चित्रपट दादाला सांगण्यासाठी सावर्डेकरांनी कॉलेजात शिकणारी, स्वच्छ उच्चारांची, मोठ्याने न हसणारी मुलगी मानधनावर नेमावी. तिने चित्रपट सांगताना माझ्या वह्या समोर ठेवाव्यात आणि उजव्या बाजूला लिहिलेले तेवढेच वाचावे.

उजव्या बाजूला म्हणजे काय, ते आता लिहावे लागेल.

कलम ७. वह्या. एकूण अकरा, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, माझ्या कपाटात वरच्या खणात. इंग्रजी चित्रपटांच्या पानांवर मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे 'पडद्यावर', उजवीकडे 'दादाला सांगितले'.

ट्रंक-बोर्डाचा एक नियम असतो. लाइन खराब असली आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे ऐकू येईना, तर ऑपरेटरने मध्ये येऊन निरोप पोचवायचा. जसाच्या तसा. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. मी गडहिंग्लजच्या एका बापाला मुंबईहून आलेला निरोप सांगितला आहे: "तुमचा मुलगा गेला." तिकडून ते ओरडत होते, "काय म्हंता? मोठ्यानं बोला!" मी तेच तीन शब्द तीनदा सांगितले. 'आजारी आहे, लगेच या' असे म्हणावेसे फार वाटले. म्हटले नाही. पस्तीस वर्षांत मी एकही निरोप बदलला नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही बदलू दिला नाही.

मग ५ मे १९८५ ला एक इंग्रजी चित्रपट आणला. एक घड्याळजी गावातल्या मनोऱ्याचे घड्याळ दुरुस्त करत असतो. काम संपता संपता त्याचे डोळे जातात. कॅसेट आणताना हे मला माहीत नव्हते. शेवटी तो मनोऱ्याखाली बाकावर बसतो, वर ठोके पडतात, आणि तो तळहात उघडून धरतो, पाऊस पाहावा तसा. दादाने विचारले, "आता काय?"

मी म्हणाले, "त्याला नवा चष्मा लागला. तो काटे पाहतोय. बायको डबा घेऊन आली."

दादा म्हणाला, "बरं झालं."

डाव्या बाजूला मी खरे लिहिले, उजव्या बाजूला चष्मा आणि डबा. एकदा हात सरावला की सरावतो. दोन वर्षांत मी इंग्रजी सिनेमातली सव्वीस माणसे वाचवली. कर्करोगातून चार, समुद्रातून तीन, फासावरून दोन. घर सोडून गेलेल्या एका बाईला मी तीन टप्प्यांनी नवऱ्याकडे परत पाठवले. मला त्यात सुख वाटत असे. हिंदी सिनेमात दादाला सगळे ऐकू यायचे, तिथे माझे काही चालत नसे. इंग्रजीत माझ्याशिवाय त्याला कोणी नव्हते.

७ जून १९८७. दीपगृहाचा रखवालदार. त्याचा भाऊ त्याचा दुष्मन. वादळात भावाची होडी फुटते, रखवालदार दोर घेऊन समुद्रात उतरतो, भाऊ वाचतो, हा बुडतो. दादाने विचारले, "आता काय?" मी सांगू लागले की दोघे वर आले, भावाने शेगडी पेटवली, गरम सूप केले...

खालून आवाज आला, "कुठलं सूप? बुडाला की वो त्यो!"

"आक्काताई, तुम्हांला इंग्रजी कळत नाही."

"बुडाल्याला इंग्रजी कशाला लागतंय? टोपी वर आली, त्यो न्हाय आला. भाऊ रडतोय बगा गुडघं टेकून. पेंटरसाब, मेला त्यो. हिरवंगार पाणी, शेवाळासारखं, आन् तांबडी टोपी त्याच्यावर. मेला."

टोपी तांबडी नव्हती. कोणत्याच रंगाची नव्हती. पण तो मेला होता.

दादाने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "श्यामे, आजवर किती जणांना जगवलंस?"

मी उठून चहा करायला गेले. आक्काताई मागोमाग आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मला ठावं नव्हतं तुम्ही मुद्दाम सांगताय ते. न्हायतर मी गप बसलो असतो."

मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता यावर माझा विश्वास नाही."

"व्हय, तेबी खरंच हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक इंग्रजी चित्रपट संपला की दादा माझे सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि मग मान खाली वळवतो. "आक्काताई, काय झालं?" माझ्या इंग्रजीच्या आठ इयत्ता आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या भावाला खरे काय झाले हे चौथी शिकलेली आया सांगते. मी त्याला एकदा म्हटले, "ती रंगांच्या थापा मारते ते तुला चालते, आणि माझे चालत नाही." तर म्हणाला, "रंग चुकला तर चुकू दे गं. मी पण आभाळ कधी खरं रंगवलं नाही. पण माणूस मरतो तिथं मेला पाहिजे."

सदर अकरा वह्या माझ्या मृत्यूनंतर न वाचता जाळाव्यात, उजव्या बाजूच्या नकला करून घेतल्यावर.

(इथपर्यंत शनिवार आणि रविवार सकाळ.)

कलम ८. किरकोळ वस्तू. शाळेत निबंधासाठी मिळालेले फाउंटन पेन सावर्डेकर वकिलांना. निवृत्तीच्या वेळी मैत्रिणींनी आठवण म्हणून दिलेला जुना हेडफोन ज्ञानू कांबळ्यांना. त्या तारांतून काय काय गेले ते त्यांना आणि मलाच ठाऊक आहे. नाटकाला नेण्याची छोटी दुर्बीण सरोजिनीला, लांबचे नीट दिसावे म्हणून. गुलाबी चहाचा सेट, ज्यातली एक बशी आक्काताईंनी फोडली आणि लगेच येऊन सांगितले, तो जसा आहे तसा दादाकडे राहावा.

साक्षीदार म्हणून मी मुळात आक्काताईंचे नाव घालणार होते. ज्याला काही मिळायचे असेल त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले. तेच ऐकून मी म्हटले, त्यांची सही करून घ्यावी, म्हणजे पुढेमागे माझे मन विरघळले तरी त्यांना काही देता येणार नाही. सावर्डेकर म्हणाले, "श्यामलाताई, कायद्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहतोय."

कलम ९. काल, रविवारी दुपारी तीन वाजता, मी व्हीसीआर आणला होता. मिरजेला जाण्याआधीचा शेवटचा चित्रपट म्हणून मी आक्काताईंना स्पष्ट सांगितले होते, आज आम्ही दोघेच. त्या म्हणाल्या, "बसा की निवांत," आणि मागे ज्वारी पाखडत बसल्या.

मिरजेबद्दल मी दादाला सांगितले होते की शाळेतली मैत्रीण तिथे असते, तिच्याकडे आठवडाभर राहून येते. मैत्रिणीला मी नावही दिले होते आणि संधिवातही दिला होता.

कॅसेट लावण्याआधी दादा म्हणाला, "थांब. मैत्रिणीचं काय झालं शेवटी?"

"कसलं काय झालं?"

"गाठ कुठं आहे? डावीकडं की उजवीकडं?"

मी खुर्चीतून उठले आणि मागच्या खोलीच्या दारात गेले. त्या पाखडतच होत्या.

"तुम्ही सांगितलंत?"

"इचारलं म्हणून सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर फोनवर बोलताना मी ऐकलं हुतं. पेंटरसाब म्हनले, श्यामी मिरजेला कशाला चाललीया, खरं सांगा. मी म्हनलं, गाठ हाय. बारीक न्हाय, मोठी हाय. बाकी देवाला ठावं."

"दादाला हे सांगायचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?"

त्यांनी सूप खाली ठेवले. "कुणी न्हाय. पर तुमास्नी काय झालं आन् त्यास्नी कुणी चष्म्याची न् डब्याची गोष्ट सांगितली, तर त्यो माणूस दाराकडं कान लावून बसंल की वो बाई. म्हयनाभर. वरीसभर. ते मला बघवायचं न्हाय."

चष्म्याचे आणि डब्याचे मी दादाशिवाय कोणालाच सांगितले नव्हते. म्हणजे दादाने सांगितले. म्हणजे घड्याळजीचे दादाला पहिल्यापासून कळले होते.

परत आले तर दादा माझ्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसला होता. मी विचारले, "तुला माहीत होते? तो आंधळा होतो ते?"

"ठोके पडले आणि कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "नवा चष्मा लागलेला माणूस गप्प बसतो होय?"

"मग दोन वर्षं गप्प का राहिलास?"

"तुझा आवाज इतका खूश असायचा." मग म्हणाला, "मिरजेचं ऐकल्यावर परवा झोप लागली मला. तुझ्या मैत्रिणीच्या गोष्टीनं लागत नव्हती."

मग आम्ही चित्रपट पाहिला. मध्यावर मीच आक्काताईंना हाक मारली. त्या पदर झटकत आल्या आणि खाली बसल्या. मी त्यांना खुर्चीत बसा म्हटले नाही. तेवढी मी अजून सुधारलेली नाही, आणि मी जिवंत आहे तोवर ती खुर्ची माझी आहे.

माझ्या पश्चात मात्र पुढीलप्रमाणे व्हावे:

(अ) कलम ५ मधला खुर्चीविषयीचा आदेश रद्द. खुर्ची आक्काताई चौगुले यांना. त्यांनी त्यात एक पाय वर घेऊन बसू नये अशी माझी इच्छा आहे, अट नाही.

(आ) मागची खोली त्यांना भाडे न घेता हयातीपर्यंत. हा हक्क सरोजिनीवर, आणि वेळ आल्यास वाचनालयावरही, बंधनकारक राहील.

(इ) कलम ६ मधली कॉलेजची मुलगी नेमू नये.

(ई) कलम ७ मधला वह्या जाळण्याचा व नकला करण्याचा आदेश रद्द. वह्या आक्काताईंनी ठेवाव्यात. रविवारी वीज गेली तर त्यातून दादाला वाचून दाखवावे. डावी बाजू. त्यांना जोडाक्षरे अडतात, दादाला घाई नसते.

(उ) कृष्णधवल संच मोडल्यास दुसरा कृष्णधवलच घ्यावा. रंगीत घेतला तर आक्काताईंना दिसेल तेच सांगावे लागेल, आणि दादाचे नुकसान होईल.

कलम १०. हे मृत्युपत्र दादाला मोठ्याने वाचून दाखवावे लागेल. ते सावर्डेकरांनी वाचू नये. ते सभ्य आहेत आणि अवघड जागी खोकतात. सरोजिनीने मुळीच वाचू नये. ते आक्काताईंनी वाचावे, पहिल्या ओळीपासून, जिथे जिथे मी त्यांना वाईट म्हटले आहे त्यासकट. माझ्या ओळखीत ही एकच व्यक्ती आहे जी स्वतःची निंदासुद्धा गाळणार नाही.

मिरजेहून निरोप आला, तर तोही दादाला त्यांनीच सांगावा, एक शब्द न घालता, एक न गाळता. ऑपरेटरचा नियम आहे. मला शेवटी कोणते पातळ नेसवले ते दादा विचारेल. मी कपाटात पांढरे काढून ठेवले आहे, पण ते त्यांनी विचारात घेऊ नये. त्यांना जो शोभेल असे वाटेल तो रंग सांगावा, काठासकट, आणि हळदीचा की लिंबाचा तेही. पण मी गेले असेन तर गेले म्हणावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि शनिवारचा भाग वाचताना मला माझा रागही आला आणि तो मला बरोबरही वाटला. खालील दोघांच्या समक्ष मी सही केली व त्यांनी माझ्या समक्ष केली. दोघांनाही या कागदाने पैसा किंवा जागा मिळत नाही. ज्ञानू कांबळ्यांनी हेडफोनवरचा हक्क सही करण्याआधी तोंडी सोडला. "बाई, तुमीच घेऊन या परत," असे ते म्हणाले; त्यामुळे कलम ८ मधली ती ओळ रद्द समजावी.

सही: श्यामला नृसिंह हेर्लेकर

साक्षीदार १: डॉ. आकाराम बाळकृष्ण वडणगेकर, राजारामपुरी, कोल्हापूर. (दवाखान्यात यापुढे फोनवर हळू बोलेन, असे डॉक्टरांनी सही करताना कबूल केले.)

साक्षीदार २: ज्ञानू सत्याप्पा कांबळे, निवृत्त लाइनमन, हातकणंगले.

ठिकाण: राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, दिनांक १४ नोव्हेंबर १९८८, दुपारी सव्वाचार. शेजारच्या खोलीत ते दोघे कालच्या चित्रपटातल्या घोड्याच्या रंगावरून भांडत आहेत. घोडा पांढरा होता. मी काही बोललेले नाही.